वहिनींचा अर्धपुतळा

मापेसाहेबांनी आयुष्यात एकदाच चुकीचं माप घेतलं, आणि तेही अख्ख्या इमारतीसमोर घेतलं.

वजनमापे खात्यात तेहेतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढलेला हा माणूस. ते रस्त्याच्या या टोकाला दिसले की त्या टोकापर्यंतचे तराजू आपोआप सरळ व्हायचे, असं त्यांचं स्वतःचं म्हणणं होतं. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते फक्त पोस्टमन वाचतो. बाकी सगळ्यांचे ते मापेसाहेब. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी घर मोजायला घेतलं. स्वयंपाकघर नकाशात लिहिलंय त्यापेक्षा चार सेंटिमीटर अरुंद आहे, हा शोध त्यांनी पहिल्याच आठवड्यात लावला आणि पुढे तो वहिनींना रोज सांगितला. वहिनी म्हणजे त्यांची बायको. सगळी इमारत त्यांना वहिनी म्हणते, तेव्हा आपणही तेच म्हणू. वहिनी त्या स्वयंपाकघरात चाळीस वर्षं वावरत होत्या आणि त्यांना ते चार सेंटिमीटर कधी कमी पडले नव्हते.

तर झालं असं. इमारतीच्या स्नेहसंमेलनात सेक्रेटरींनी एक खेळ ठेवला. पांढरी चादर टांगायची, मागे दिवा लावायचा आणि चादरीमागे बायकांनी ओळीने बाजूने तोंड करून उभं राहायचं. चादरीवर नुसती सावली पडणार, कपाळ, नाक, हनुवटी, बस्स. नवऱ्याने आपली बायको ओळखायची. मापेसाहेबांच्या बरोबर खालच्या घरात दातांचे डॉक्टर राहतात, त्यांनी बायकोला नुसत्या जबड्यावरून ओळखलं. मग मापेसाहेब उठले. सगळ्या सावल्यांसमोरून दोनदा फिरले, हात लांब करून, एक डोळा मिटून अंगठ्याने मापही घेतलं आणि शेवटच्या सावलीकडे बोट दाखवून ठणकावून म्हणाले, "ही! शंकाच नाही."

चादर बाजूला झाली. तिथे सेक्रेटरी उभे होते. दिव्याची वायर सरळ करायला गेले होते बिचारे.

लोक पोट धरधरून हसले. वहिनीही हसल्या. पण तीन मजले चढून दाराशी येईपर्यंत त्यांचं हसू ओसरलं होतं. कुलूप उघडता उघडता त्यांनी विचारलं, "अहो, खरं सांगा हं. तुम्ही माझ्याकडे बघितलंयत का हो कधी?"

रागाने विचारलं असतं तर मापेसाहेबांकडे उत्तर होतं. रागावर त्यांची उत्तरं तयार असत, खात्याने शिकवली होती. पण वहिनींनी ते अगदी साधेपणाने विचारलं, खरंच माहिती हवी असल्यासारखं. मापेसाहेबांना एकदम वाईट वाटलं. इतकं वाईट त्यांना याआधी कधी वाटलं होतं ते त्यांनी आठवून पाहिलं, तर आठवेना.

कुणी शहाण्या माणसाने बायकोची माफी मागितली असती. मापेसाहेब दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींकडे गेले आणि म्हणाले, "वार्षिक सभेला किती दिवस आहेत?"

"अकरा आठवडे."

"त्या सभेत मी आमच्या हिचा पुतळा सादर करणार आहे. स्वतः केलेला. डोक्यापासून छातीपर्यंत. मग बघू कोण कुणाला ओळखत नाही ते."

सेक्रेटरी दचकले, पण माणूस नियमाचा. त्यांनी लगेच कार्यक्रमपत्रिकेत घालून टाकलं: विषय क्रमांक पाच, गच्चीतील गळती, विषय क्रमांक सहा, पुतळा, विषय क्रमांक सात, आयत्या वेळचे विषय. कागद जिन्याखालच्या फलकावर लागला आणि मापेसाहेबांच्या परतीच्या वाटा बंद झाल्या.

शिल्पकलेचा वर्ग दर रविवारी सकाळी एका जुन्या गोदामात भरायचा. शिकवणारे मास्तर बारीक, उंच आणि कायम पांढरे. केस पिकले होते की प्लास्टर उडालं होतं, हे शेवटपर्यंत कळलं नाही. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "शिल्प दोन रीतींनी होतं. दगड-लाकडातून नको ते काढून टाकायचं, नाहीतर माती-मेण घेऊन हवं ते लावत जायचं. दगडात चूक झाली की झाली. मातीत सुधारता येते."

मापेसाहेबांनी हात वर केला. "चुकीची कायदेशीर मर्यादा किती?"

मास्तरांनी थोडा विचार केला. "कानात चालते. नाकात नाही."

मापेसाहेबांनी ते वहीत लिहून घेतलं.

मास्तरांचं म्हणणं होतं, सुरुवात उत्थित शिल्पापासून करावी. म्हणजे फळीवर उठावाचं एखादं सफरचंद वगैरे, ज्याची मागची बाजू करावीच लागत नाही. मापेसाहेबांना तो अपमान वाटला. ज्या मालाची एकच बाजू दाखवतात तो माल त्यांनी जन्मभर जप्त केला होता. त्यांना चारी बाजूंनी फिरून बघता येईल अशी वहिनी हवी होती.

मग माती आणणं आलं. दुकानदाराने साठ किलोची म्हणून दिलेली चिकणमाती इमारतीच्या फाटकापाशी, घरून खाली आणलेल्या काट्यावर सत्तावन्न किलो तीनशे ग्रॅम भरली. मापेसाहेब पुन्हा दुकानात. दुकानदार म्हणाला, "साहेब, ओली माती आहे, वाटेत पाणी उडतं." मापेसाहेब म्हणाले, "तेहेतीस वर्षं हेच ऐकलंय, फक्त कधी साबण असायचा, कधी गूळ." उरलेली माती मिळाली, पण तेवढ्यात सेक्रेटरींनी फाटकावर अडवलं. माती म्हणजे बांधकाम साहित्य. बांधकाम साहित्य लिफ्टमधून नेता येत नाही, ते अकरा ते एक याच वेळात आणायचं आणि त्याआधी तिसऱ्या मजल्यावर कुठली भिंत पाडणार ते लिहून द्यायचं.

"अहो, भिंत नाही, बायको करतोय!"

"मग भिंतीच्या रकान्यात 'नाही' लिहा आणि खाली सही करा."

साठ किलो माती तीन मजले पायी वर गेली. तिच्याबरोबर मापेसाहेबही गेले, पण ते जरा नंतर पोचले.

आता मुख्य काम, मापं. वहिनींना बाल्कनीत स्टुलावर बसवलं. मापेसाहेबांनी नोकरीतला जपून ठेवलेला कॅलिपर काढला, रंधा मारून नवीन केलेल्या फळीवर वही ठेवली आणि वहिनींच्या चेहऱ्याची एकूण चौसष्ट मापं घेतली. नाकाची लांबी, नाकपुड्यांमधलं अंतर, वरच्या ओठापासून नाकापर्यंत, कानाच्या पाळीपासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत. वहिनी म्हणाल्या, "गॅसवर दूध आहे हो." मापेसाहेब म्हणाले, "बोलू नकोस, हनुवटी तीन मिलिमीटर खाली गेली." शेवटी वहीवर तारीख घालून त्यांनी वहिनींची सही घेतली. या सगळ्या दोन तासांत त्यांची नजर कॅलिपरच्या काट्यावरून एकदाही हलली नाही, हे वहिनींच्या लक्षात आलं. मग मापेसाहेबांनी जाहीर केलं की पुतळा पूर्ण होईपर्यंत वहिनींनी बाल्कनीत पाऊल टाकायचं नाही. वहिनींनी कपडे वाळत घालायला दुसरी दोरी बांधली.

माती स्वतःच्या जिवावर उभी राहत नाही. तिला आत सांगाडा लागतो. फळीवर खांब, खांबाच्या टोकाला तारेचं अंड्यासारखं वेटोळं आणि त्यात तारेने लोंबकळणारी लाकडाच्या दोन काड्यांची फुली. मास्तर या फुलीला फुलपाखरू म्हणत. माती तिला अडकून राहते. मापेसाहेबांनी खांब ओळंबा लावून उभा केला, तार मोजून वळवली, पण फुलपाखरू काही त्यांना पटलं नाही. आत लोंबकळणारी, जागचं ठाम माप नसलेली वस्तू त्यांच्या तत्त्वात बसेना. त्यांनी ते गाळलं. दिवसभरात डोकं छान झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ओलं फडकं उचललं तर वहिनींची हनुवटी छातीला टेकली होती आणि कपाळ पुढे आलं होतं. चौदा किलो माती मान खाली घालून उभी होती. मापेसाहेबांना ती आपल्यावर रुसलीय असंच वाटलं.

"फुलपाखरू?" मास्तरांनी पुढच्या रविवारी एवढंच विचारलं.

मापेसाहेबांनी विषय बदलला.

दुसऱ्यांदा फुलपाखरू लावलं आणि डोकं टिकलं. पाचव्या आठवड्यात चौसष्टच्या चौसष्ट मापं जुळली. कुठल्याही कोर्टात टिकली असती. त्याच संध्याकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. ती दूर दुसऱ्या शहरात असते आणि घरातल्या सगळ्या बातम्या तिला आईकडून कळतात, म्हणून ही एक तरी आपण आधी सांगावी या हौसेने मापेसाहेबांनी फोन बाल्कनीत नेला आणि फडकं दूर केलं.

लेक आनंदाने किंचाळली. "अय्या बाबा! आजी! काय हुबेहूब आजी केलीयत हो! आई, अगं आई, बघितलंस का, बाबांनी आजी केली!"

स्वयंपाकघरात काहीतरी खाली पडलं. वहिनी बाल्कनीत आल्या. आता मनाईचं कुणी बोललं नाही. त्या पुतळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि आपोआप त्यांनी हात पदराला पुसले.

"सासूबाई," त्या म्हणाल्या.

खरंच होत्या. मातीच्या, पण त्याच. ओठ घट्ट मिटलेले, एक भुवई किंचित वर, कुणीतरी दूध उतू घालवणार आहे अशी पक्की खात्री असलेला चेहरा. मापेसाहेबांना आत्ता दिसलं. इतके दिवस ते मापं बघत होते.

"अकरा वर्षं झाली त्यांना जाऊन," वहिनी हळू म्हणाल्या. "त्या गेल्या तेव्हा मी खूप रडले. पण अहो, एकोणतीस वर्षं मी त्या नजरेसमोर स्वयंपाक केलाय. आता पुन्हा माझ्या बाल्कनीत?"

"अगं पण मापं सगळी तुझीच आहेत! ही बघ वही, तुझी सही आहे!"

"वहीला करा मग नमस्कार," असं म्हणून वहिनींनी ओलं फडकं उचललं, पुतळ्यावर टाकलं आणि त्या आत गेल्या. जाताना मात्र फडकं त्यांनी अगदी सांभाळून, नीट टाकलं होतं.

मास्तरांना या प्रकाराचं काहीच आश्चर्य वाटलं नाही. ते म्हणाले, "मापं सांगतात नाक कुठे सुरू होतं नि कुठे संपतं. मधली जागा हात भरतो. हाताला जो चेहरा पाठ असतो तोच तो भरतो. नवीन माणूस बहुतेक वेळा स्वतःचाच चेहरा करतो. तुम्ही आईचा केलात, म्हणजे निदान आईला तरी नीट बघितलंयत."

हे वाक्य मापेसाहेबांनी घरी सांगायला नको होतं. त्यांनी ते सांगितलं, आणि वर तांत्रिक बाब म्हणून समजावूनही सांगितलं. वहिनींनी ते सगळं ऐकून घेतलं आणि दोन दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं झालं.

मग दुरुस्त्या सुरू झाल्या, आणि दुरुस्त्या म्हटल्यावर शेजार आला. दातांचे डॉक्टर खालून वर आले, पुतळ्याच्या तोंडात बघितल्यासारखं करून म्हणाले, "खालचा जबडा मागे घ्या, साहेब. हा चावा बरोबर बसत नाहीये." जबडा मागे घेतला, तर चेहरा घाबरल्यासारखा दिसायला लागला. सेक्रेटरींनी सोसायटीच्या वतीने पाहणी केली आणि जरा लाजत म्हणाले, "बाजूने अजूनही थोडा माझाच भास होतो, नाही?" नाक उतरवलं. भुवई खाली आणली, तशा सासूबाई गेल्या, पण त्यांच्या जागी दुसरं कुणीच येईना. सातव्या आठवड्यात तो चेहरा बँकेच्या खिडकीमागे बसणाऱ्या कुणाही बाईचा होता. एक नाक मात्र जमलं. ते अगदी वहिनींचं होतं, शेंड्याला किंचित बसकं. मापेसाहेब रोज सकाळी फडकं वर करून आधी त्या नाकाकडे बघत आणि त्यांना धीर येई.

तेवढ्यात मास्तरांनी आणखी एक बातमी दिली. माती वाळताना आकसते, तडकतेही. आठ-दहा टक्के जातातच. मापेसाहेबांच्या पायाखालची जमीन सरकली. म्हणजे सभेच्या दिवशी वहिनी दहा टक्के कमी भरणार! असल्या मालावर त्यांनी खटले भरले होते. उपाय एकच, साचा घेऊन प्लास्टरमध्ये ओतायचं. मातीच्या डोक्याभोवती पत्र्याच्या पट्ट्या खोचून त्याचे पुढचा आणि मागचा असे दोन भाग करायचे, त्यावर प्लास्टर चढवायचं, ते घट्ट झालं की उघडून माती काढून टाकायची. उरतो पोकळ साचा. त्याला आतून साबणाचं पाणी लावायचं, म्हणजे नवं प्लास्टर जुन्याला चिकटत नाही. मग ओतायचं आणि शेवटी वरचा साचा छिन्नीने फोडून टाकायचा. "साचा एकदाच कामी येतो," मास्तर म्हणाले. "आणि ओतल्यावर परत फिरता येत नाही."

प्लास्टर कालवायची मास्तरांची रीत अशी होती की पाण्यात ते भुरभुरत जायचं आणि पाण्याच्या वर कोरड्या प्लास्टरचं बेट दिसलं की थांबायचं. मापेसाहेबांनी बेट वगैरे काही मानलं नाही. त्यांनी तराजू मांडला. पाण्याचं वजन केलं, प्लास्टरचं केलं, बादलीचं केलं, ते वजा केलं, शंका आली म्हणून पुन्हा केलं. तोवर बादलीतलं प्लास्टर कोमट झालं, मग गरम झालं आणि शेवटी कलथा त्यात उभा राहिला तो कायमचा. दुसऱ्या बादलीला त्यांनी घाई केली आणि साचा तयार झाला. राहिलेलं पातळ प्लास्टर मोरीत ओतून त्यावर त्यांनी एक तांब्या पाणी टाकलं.

दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरांच्या न्हाणीघरात छतातून पाणी यायला लागलं. प्लंबर आला. तीन तास खटपट करून त्याने नळी कापली आणि तिच्यातून एक पांढरीशुभ्र, गुळगुळीत वस्तू ओढून काढली. नळीच्या आतल्या पोकळीचा हुबेहूब आकार, काटकोनातल्या वळणासकट, जोडावरच्या रेघेसकट. कुठे एक बुडबुडा नाही. ही मापेसाहेबांची पहिली यशस्वी ओतीव कृती. प्लंबर म्हणाला, "एवढं साफ काम मी कधी बघितलं नाही." जिन्याखालच्या फलकावर त्याच संध्याकाळी कागद लागला: सांडपाण्याच्या नळ्यांत कोणीही शिल्पकला करू नये. खाली सेक्रेटरींची सही आणि शिक्का.

डॉक्टर मनाने मोठे. छत गळत असतानाही त्यांना कळवळा आला. म्हणाले, "साबणाचं पाणी कशाला लावता? आम्ही जन्मभर साचेच घेतो. प्लास्टर प्लास्टरला चिकटू नये म्हणून आमच्याकडे खास औषध असतं." आणि त्यांनी एक निळी बाटली वर पाठवली. मापेसाहेबांनी साच्याला आतून ते औषध दोन हात लावलं, दोन्ही भाग तारेने घट्ट बांधले आणि उलटं करून प्लास्टर ओतलं. तासाभराने डॉक्टर धापा टाकत वर आले. त्यांच्या हातात दुसरी निळी बाटली होती. "साहेब, अजून लावलं तर नाही ना? ती चिकटवायची बाटली गेली हो! दोन्ही दिसायला सारख्याच असतात. लेबल गळून पडलंय."

लेबल गळून पडलेली बाटली! मापेसाहेबांना राग डॉक्टरांचा आला नाही, स्वतःचा आला. लेबल नसलेल्या बाटलीला हात लावायचा नाही हे त्यांनी नव्या निरीक्षकांना शिकवलं होतं.

साचा आणि पुतळा एकजीव झाले होते. बाल्कनीत एक पांढरा धोंडा बसला होता आणि त्याच्या आत कुठेतरी वहिनी होत्या. मापेसाहेबांनी काट्यावर ठेवून पाहिलं, एकोणीस किलो चारशे ग्रॅम. एवढं एक माप मात्र अचूक घेता आलं. मग त्यांनी छिन्नी उचलली. आता हे मातीकाम नव्हतं की ओतकाम नव्हतं, दगडातून नको ते काढून टाकायचं काम होतं. नको ते कुठे संपतं आणि हवं ते कुठे सुरू होतं हे कळायला त्यांच्याकडे काही खूण नव्हती. सकाळपासून दुपारपर्यंत ते ठोकत राहिले. कान निघाला, थोडं कपाळ दिसलं, आशा वाटली. आणि मग एक मोठा कपचा टपकन खाली पडला. त्यांनी तो उचलून उलटा करून पाहिला. ते नाक होतं. शेंड्याला किंचित बसकं.

मापेसाहेब ते हातात धरून खुर्चीवर बसले. सभेला चार दिवस होते.

"सेक्रेटरींना सांगून टाक," ते आत बघून म्हणाले, "विषय क्रमांक सहा रद्द. मला नाही जमलं. तू विचारलं होतंस ना, मी तुझ्याकडे बघितलंय का? नाही बघितलं. झालं?" आणि त्यांचा आवाज चिरकला. तेहेतीस वर्षांत कुठल्या दुकानदाराने त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता.

वहिनी बाल्कनीत आल्या आणि त्यांनी केरसुणी घेतली. प्लास्टर झाडलं, साच्यातून निघालेली माती गोळा केली. माती वाया जाऊ देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. गोळा कडक झाला होता म्हणून त्यांनी पाण्याचा हबका मारला आणि कणीक मळावी तशी मळायला घेतली. मळता मळता त्या बाहेरच्या रस्त्याकडे तोंड करून बसल्या, मापेसाहेबांकडे पाठ करून, आणि बोलायला लागल्या. डॉक्टरांचं छत, लेकीचा फोन, दूधवाल्याने केलेला घोळ, कशाचं काय. मापेसाहेब हं हं करत होते. त्यांना मध्येच झोप लागली.

जाग आली तेव्हा वहिनी हात धूत होत्या आणि फळीवर मापेसाहेब होते.

वीतभर उंचीचं डोकं, आत सांगाडा नाही, माप नाही. पण तेच. पुढे आलेला खालचा ओठ, जणू कुणीतरी आत्ता कमी तोललंय. भुवयांमधल्या दोन आठ्या, एक लांब, एक आखूड. डाव्या कानाची मुडपलेली कड, जी लहानपणी मोडल्याचं मापेसाहेब स्वतः विसरले होते. आणि त्या सगळ्या कडकपणाच्या आत, डोळ्यांच्या कोपऱ्यात कुठेतरी, एक घाबरट, बऱ्या मनाचा माणूस. तो मात्र मापेसाहेबांनी आरशात कधी पाहिला नव्हता. त्यांनी कानाला हात लावून खात्री करून घेतली.

"तू तर एकदासुद्धा मागे वळून बघितलं नाहीस," ते म्हणाले.

"आता काय बघायचंय?" वहिनी टॉवेलला हात पुसत म्हणाल्या. "चाळीस वर्षं तुम्ही समोर पेपर वाचत बसता. पेपर तुमच्यापुढे असतो. माझ्यापुढे तुम्हीच असता."

सभा ठरल्या दिवशी झाली. गच्चीच्या गळतीवर दीड तास वादावादी होऊन ती पुढच्या सभेवर ढकलण्यात आली. मग सेक्रेटरींनी विषय क्रमांक सहा पुकारला. मापेसाहेब टेबलापाशी गेले, फळी ठेवली आणि फडकं काढलं.

डॉक्टर ओरडले, "वा! जबडा बघा, जबडा!" टाळ्या वाजल्या. आणि लगेच मागच्या खुर्च्यांतून कुजबुज सुरू झाली. बायकोचा करणार म्हणाले होते आणि केला स्वतःचाच! निवृत्त माणसाला स्वतःचा पुतळा उभारायची हौस असते म्हणतात ती अशी. कुणीतरी हार आणायला हवा होता म्हणालं. सेक्रेटरीसुद्धा मान खाली घालून हसले.

मापेसाहेबांचे कान लाल झाले. कुणी काही विचारलेलं नव्हतं. गप्प बसले असते तर निदान हात तरी कसबी आहे एवढी कीर्ती राहिली असती, कारण काम उत्तम होतं यात वादच नव्हता. त्यांनी घसा साफ केला.

"हा मी केलेला नाही," ते म्हणाले. "हा हिने केलाय. माझ्याकडे पाठ करून, एका दुपारात. मी अकरा आठवडे चौसष्ट मापं घेऊन ठोकत होतो आणि मला तिचं एक नाक जमलं, तेही मीच फोडलं. हे इतिवृत्तात लिहा."

सेक्रेटरींनी खरंच लिहायला घेतलं. वहिनी तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. सगळ्यांनी वळून बघितलं तसा त्यांनी पदर उगीचच सारखा केला.

"बरं, पण मग विषय क्रमांक सहाचं काय?" सेक्रेटरींनी पेन थांबवून विचारलं. "तुमचा ठराव वहिनींच्या पुतळ्याचा होता. तो कुठाय? झाला म्हणून लिहू, की रद्द?"

मापेसाहेबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते तिसऱ्या रांगेकडे वळले. तिथे त्यांची नजर अडकली. सभा वाट बघत होती. डॉक्टर खाकरले. कुणीतरी पंख्याचा वेग कमी केला. मापेसाहेब बघतच होते, आणि वहिनींना कुठे तोंड लपवावं ते कळेना.

"अहो साहेब, काय लिहू?"

"काम चालू आहे, असं लिहा," मापेसाहेब तिकडून नजर न काढता म्हणाले. "आणि जरा वेळ लागेल. आज पहिलाच दिवस आहे."